शेप्या आंब्याची युकुलेली

मॅडमनी मला पहिल्याच भेटीत दहापैकी तीन दिले. मी अंबडला बँकेत नुकतीच बदलून आले होते आणि खोली बघायला त्यांच्या दारात उभी होते. फक्त एवढंच विचारलं होतं, "काकू, वरची खोली भाड्यानं द्यायचीय ना?" त्या दोन विटांवर आडव्या ठेवलेल्या एका तांब्याच्या नळीपुढं बसल्या होत्या. नळीत निखारे, हातात लाकडाची ओली पट्टी, आणि अंगणभर असा धूर की माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. वर न बघता म्हणाल्या, "काकू कोणाची? मॅडम म्हण. आवाज बरा हाय, वेळ चुकली. दहापैकी तीन." तेवढ्यात पट्टी कडकन मोडली. "आता दोन," त्या म्हणाल्या.

अशा बाईच्या घरात कोण राहील? मी राहिले. बदली होईपर्यंत राहिले, आणि बदली झाली तेव्हा सामान बांधताना मीच ढसाढसा रडले. मॅडम खाली उभ्या राहून टेम्पोवाल्याच्या दोरीच्या गाठीला मार्क देत होत्या.

जन्मभर त्यांनी शाळेत भूमिती शिकवली होती. रिटायर झाल्या तरी तपासणं काही थांबलं नव्हतं. भाजीवाल्याच्या मेथीला सहा. एसटीच्या कंडक्टरला चार. विहारात एकदा कोणी पुढारी लांबलचक बोलून गेला, त्याला अर्धा, "तो बी शेवटी बसला म्हणून." मला बँकेत कॅशियरचं काम, तर मी "मॅनेजर". का, तर "होशील तवा म्हणायचं, त्यापेक्षा आत्ताच म्हणते."

शेजारी कापडदुकानवाल्या भाभी राहायच्या. त्यांच्या सासऱ्यांच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन इथं दुकान टाकलं म्हणे. भाभी माझ्यापेक्षा ठसक्यात मराठवाडी बोलायच्या, चिडल्या की तेवढी हिंदी. एकदा त्यांनी कचोऱ्या पाठवल्या आणि मॅडमनी सात मार्क दिले. भाभी तणतणत आल्या. "सातच? हमारी कचोरी को?" मॅडम शांतपणे म्हणाल्या, "माझ्या बापाला बी सातच हायत. कचोरी बापाच्या बराबरीला बसवली, अजून काय पाह्यजे?" भाभी रिकामी ताटली उचलून घरी गेल्या. बापाला सात आणि कचोरीला सात, यावर माणूस बोलणार तरी काय?

बापाचे तीन मार्क कुठं गेले ते मला पुढं कळलं. वडील गायन पार्टीचे. जयंतीच्या महिन्यात गावोगाव फिरून भीमगीतं गायचे. पेटी, ढोलकी आणि बटणं दाबून वाजवायचा तो बेंजो. तालीम व्हायची शेताच्या बांधावर, शेप्या आंब्याखाली. त्या आंब्याला शेपूच्या भाजीचा वास यायचा, म्हणून शेप्या. मॅडम लहानपणी कोरसमध्ये, मागं. बेंजो धाकट्या भावाच्या मांडीवर. एकदा सगळे पाणी प्यायला उठले तेव्हा यांनी हळूच बेंजोला हात लावला, तर वडील हसले. म्हणाले, "तू गा. वाजवणं पोरांचं काम."

"रागावले न्हाई, मारलं न्हाई," मॅडम मला सांगत होत्या. "मारलं असतं तर मी विसरून गेले असते. हसले ना, तिथं तीन कापले."

मग साठी उलटल्यावर बाईंनी मोबाईलवर कुणा पोरीला युकुलेली वाजवताना बघितलं. चार तारा, मांडीत मावेल एवढं वाद्य. त्यांनी ठरवलं, हेच. गिटार नको, "ती पोरं खांद्याला लटकवून नुसती मिरवतात." गल्लीत सगळे तिला छोटी गिटार म्हणायचे आणि मॅडम प्रत्येकाला "चूक!" म्हणायच्या. मी भाबडेपणानं सुचवलं, "मॅडम, ऑनलाइन मिळते की. विकत घ्या, मोकळ्या व्हा."

"भाकर बी हॉटेलात मिळती, मॅनेजर. म्हणून तुझ्या मायनं थापणं सोडलं का?" मग म्हणाल्या, "दुसऱ्याचं वाद्य होतं, त्यानं हात लावू नको म्हटलं, मी काढून घेतला. आता माझं मी करून राह्यले. बघू कोण म्हणतो हात लावू नको."

ती तांब्याची नळी म्हणजे त्यांच्या लग्नातल्या, पाणी तापवायच्या बंबाचा गाभा. बंब गळायला लागला होता. लोक असे बंब घासूनपुसून दिवाणखान्यात ठेवतात, त्यात खोटी फुलं खोचतात. मॅडमनी हॅकसॉनं तो उभा चिरला, मधली नळी काढली आणि उरलेला पत्रा मोडीत घातला. इस्त्रीवाल्याकडून कोळसा आणायचा, कपाशीच्या पऱ्हाट्यांवर पेटवायचा, नळीत भरायचा. मग नळीवर पाण्याचा शिंतोडा. थेंब नुसता बसून राहिला तर नळी थंड. क्षणात उडाला तर लाकूड जळणार. थेंब नाचला पाहिजे. नाचला की मॅडम पट्टी उचलायच्या.

युकुलेलीचं पोट आणि पाठ सोपी, खरा जीव जातो तो बाजूंमध्ये. दोन लांब पट्ट्या, पापडासारख्या पातळ तासलेल्या. त्या ओल्या करून तापल्या नळीवर अशा फिरवायच्या की वर गोल, मध्ये कंबर, खाली मोठा गोल. जोर लावला की संपलं. मी एकदा हौसेनं हात घातला तर मॅडम ओरडल्या, "दाबू नको! टेकव नुसती. लाकूड आपल्याहून हो म्हणतं, मंग न्यायचं."

"लाकडाशी एवढं गोड," मी म्हटलं, "आणि आमच्याशी?"

"तुम्हाला कान हायत. लाकडाला न्हाई, म्हणून त्याला हातानं सांगावं लागतं."

शिकता शिकता खोक्यांच्या फळ्या गेल्या, कडुलिंबाच्या गेल्या. गल्लीला मात्र करमणूक झाली. आमच्याकडं नळ चार-पाच दिवसांनी यायचा आणि ही बाई पिण्याच्या पिंपात लाकडं भिजवायची! भाभींनी भांडण काढलं. धूर आमच्या गादीपर्यंत येतो, पाण्याची नासाडी होते, आणि वर माझे कपड्याचे चिमटे गायब. चिमटे मॅडमनीच नेले होते. डिंक वाळेपर्यंत लाकडाची किनार चिमट्यांत धरून ठेवावी लागते. मॅडमनी भाभींना आत नेलं, खोक्याच्या लाकडाच्या कडेनं ओळीनं लावलेले त्यांचेच लाल-हिरवे चिमटे दाखवले.  भाभी तशाच घरी गेल्या आणि जाऊबाईंचेही चिमटे घेऊन आल्या.

हे सगळं गंमतीचं होतं तोवर होतं. मग शेप्या पडला.

झालं असं. वडील गेले आणि सातबाऱ्यावर भावाबरोबर मॅडमचंही नाव लागलं. भावाला हक्कसोड पाहिजे होतं. म्हणजे बहिणीनं लिहून द्यायचं की बापाच्या जमिनीतला माझा वाटा मी सोडला. त्यांच्या गावात काय, कुठल्याही गावात काय, बहिणी अंगठा करतात, साडी घेतात आणि डोळे पुसत एसटीत बसतात. नाही म्हणणारी बहीण म्हणजे माहेर तुटलेली बहीण. मॅडम नाही म्हणाल्या.

भाऊ काही राक्षस नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. उन्हात रापलेला, हाताला घट्टे पडलेला, गावातल्या जयंती कमिटीचा अध्यक्ष. माझ्यासमोरच तो एकदा कळवळून म्हणाला होता, "आक्का, तू शिकलीस, पेन्शन खातीस. मी जलमभर त्या ढेकळात राबलो."

"राबलास, बाळ. बिलकुल खरं," मॅडम म्हणाल्या. "म्हणून पिकातला एक दाणा कधी मागितला न्हाई, मागणार बी न्हाई. पण कागदावरचं माझं नाव खोडायला मी मेले का?"

त्यानंतर पंधरवड्याच्या आत त्यानं शेप्या तोडून वखारीला घातला. आंबा वाळत आल्ता म्हणे. मॅडमना गावातल्या कुणीतरी फोन केला. त्या तशाच घरच्या चपलांवर अंबडच्या वखारीत गेल्या आणि त्या खोडावर जाऊन बसल्या. आधी माझ्या फळ्या काढ, मग बाकीचं कुठं न्यायचं ते ने. वखारवाला हात जोडून दमला. शेवटी त्यानं कंटाळून आरा मशीन सुरू केलं.

"मॅडम, रडलात का हो तेव्हा?" मी विचारलं होतं.

"रडले की. बसूनच रडले. उठले न्हाई."

त्या फळ्या त्यांनी वर्षभर पलंगाखाली वाळत ठेवल्या. मग जाहीर करून टाकलं, भावाला, गावाला, भाभींना, इस्त्रीवाल्याला, सगळ्यांना. येत्या जयंतीला बापाच्या गावात, मंचावर, शेप्याच्या लाकडाची, माझ्या हातची युकुलेली मी वाजवणार. कोरसमध्ये नाही, मागं नाही, पुढं बसून. भाऊ म्हणाला, "आक्का, म्हातारपणी खेळणं घेऊन बसलीस." पण कार्यक्रमात त्यानं नाव घातलं. का घातलं, ते कळायला आम्हाला जयंतीच उजाडावी लागली.

शेप्याच्या पट्ट्या मोडत गेल्या. आंब्याचं लाकूड मनासारखं वागत नाही, त्याच्या रेषा मध्येच वळण घेतात, आणि रेषा जिथं बाहेर निघते तिथं ते तुटतं. प्रत्येक वेळी मॅडम मोडलेला तुकडा नाकाशी धरायच्या आणि म्हणायच्या, "बघ, शेपूचा वास." मला जळक्या लाकडाशिवाय काही वास यायचा नाही. पण मी "हो" म्हणायचे. अहो, म्हणावंच लागायचं, त्यांचा चेहराच तसा व्हायचा.

शेवटी दोनच पट्ट्या राहिल्या. त्या मात्र सुरेख वळल्या, आणि आकार धरावा म्हणून मॅडमनी त्या लाकडी साच्यात बसवल्या. एका संध्याकाळी मी बँकेतून आले तर अंगणात भाभी आणि मॅडम नुसत्या बसून साच्यातल्या पट्ट्यांकडं बघत होत्या, नव्या नवरीकडं बघावं तशा. जयंती तोंडावर आली होती, म्हणून मॅडमनी एरवी कधी केली नसती ती घाई केली. दुसऱ्या दिवशी पट्ट्या साच्यातून काढल्या आणि नुसती सुतळी बांधून पुढच्या खोलीत टेबलावर ठेवल्या.

नेमका त्याच दुपारी भाऊ आला. बरोबर गावातले दोन वयस्कर, आणि खिशात तोच कागद. बाहेर एप्रिलचं ऊन असं की रस्त्यावर कुत्रं दिसेना. आता आमच्याकडं भांडायला आलेला माणूस असला तरी तो पाहुणा. आधी पाणी, मग कूलर, मग भांडण. मॅडमनी टाकीत बादलीभर पाणी ओतलं, कूलर पाहुण्यांकडं फिरवला आणि फुल्ल केला. कूलरच्या ओल्या वाऱ्यात दुपारभर तेच ते बोलणं झालं. वयस्कर म्हणाले, "बाई, भाऊ तुटला तर माहेर तुटलं." मॅडम म्हणाल्या, "झाड तोडलं तवा कोण तुटलं होतं?" चहा झाला. कागद उघडला, कागद मिटला. पाहुणे गेले.

मी आले तेव्हा मॅडम टेबलापाशी उभ्या होत्या. ओलसर हवेनं पट्ट्या मऊ पडून उलगडल्या होत्या. कंबर गेली होती, गोल गेले होते. सुतळी सैल पडलेली.

मला भावाचा असा राग आला म्हणून सांगू! मी म्हटलं, "त्यांच्यापायी झालं सगळं." मॅडम म्हणाल्या, "चूक. त्यानं कूलर लावा म्हटलं न्हाई. पाहुण्याला कूलर मी लावला, टेबल बघितलं न्हाई. मला दहापैकी एक."

"एक तरी कशाला?"

"चहा बरा झाल्ता."

एकदा वळलेलं लाकूड पुन्हा तापवणं धोक्याचं, ते त्यांनीच मला कितीदा सांगितलं होतं. आणि आता बदली पट्टी नव्हती, शेप्याही नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी नळी पेटली. भाभी दुकानाची पूजा सोडून आल्या. मी बँकेत उशिरा येते म्हणून फोन केला. भाभी कुजबुजल्या, "मॅडम, टूट गई तो?"

"तुटली तर मंचावर नुसती जाऊन बसीन. रिकाम्या हातानं बसीन. पण बसीन."

थेंब नाचला. पहिली पट्टी वळली. दुसरी कंबरेपर्यंत आली आणि एक बारीक आवाज झाला, 'टच्' असा. भाभींनी माझा दंड एवढ्या जोरात धरला की वळ उठला. मॅडमनी हात हलवला नाही. पट्टी तशीच नळीवर टेकवून ठेवली, ती आपोआप बसेपर्यंत. केसाएवढी चीर गेली होती, आरपार नव्हती. आतून त्यांनी माझ्या जुन्या ओढणीची चिंधी डिंकानं चिकटवली. बाहेरून मी म्हटलं की जरा भुसा भरून रंग देऊ, दिसणार नाही. तर माझ्यावर डोळे वटारले. "का दिसू न्हाई? पडली तर पडली. मी काय चोरून आणलीय?"

झाली ती युकुलेली एका अंगाला जरा जास्त फुगलेली. सुंदर होती असं मी म्हणणार नाही. पण वाजत होती, कोवळं, बारीक.

जयंतीच्या संध्याकाळी आम्ही तिघी रिक्षानं गावी गेलो. मॅडम पांढऱ्या साडीत, मांडीवर युकुलेली. विहारासमोर पटांगण भरलेलं, पंचशीलाच्या झेंड्यांच्या माळा, पुढं बायका, मागं खुर्च्यांवर पुरुष. भावानं नाव खरंच घातलं होतं. हातात माईक घेऊन तो म्हणाला, "आता आमच्या आक्का. आमच्या वडलांच्या आंब्याच्या लाकडाचं वाद्य घेऊन आल्या." वाद्याचं नाव त्याला घेता आलं नाही. माईक त्यानं मॅडमच्या तोंडापाशी धरला. मॅडमनी वडलांचं गाणं म्हटलं. आवाज बसका होता, दोन जागी बोटं चुकली. पण त्या गाण्याचा दुसरा अंतरा आला आणि मी बघितलं, माईक धरलेला भाऊ रडत होता. खोटं नाही, खरं. खांदे हलत होते.

गाणं संपलं. टाळ्या थांबेनात. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. आणि त्या गहिवरात, तोच माईक स्वतःच्या तोंडाशी नेऊन, भाऊ म्हणाला, "आक्का, बापाचं गाणं वाजवलंस. आता बापाचं घर एक राहू दे. या सगळ्या गावासमोर सांग, सही करतीस ना?"

सगळं पटांगण मॅडमकडं बघायला लागलं. वयस्कर मंडळी खुर्चीतून म्हणाली, "हो म्हणा, आक्का, हो म्हणा." मला तर तोंडात मारल्यासारखं झालं. केवढी हुशारी! अशा वेळी नाही म्हणणारी बाई पुन्हा या गावात कुठल्या तोंडानं येणार?

मॅडमनी त्याच्या हातातला माईक आपल्याकडं ओढला, हात त्याचाच ठेवून.

"बाळ, रडलास ते खरं. झाड तोडलंस ते बी खरं. सही न्हाई."

 जनरेटरचा आवाज तेवढा येत होता. मग बायकांच्या अगदी मागच्या ओळीतून एक म्हातारी उठली. नंतर कळलं, तिनं आपल्या चारही भावांना अंगठे दिले होते. ती खच्चून ओरडली, "अगं आक्का, मागं गाणं येतं, वाजिवलेलं काहीच ऐकू येईना! पुन्यांदा वाजव!"

"ऐकलंस?" मॅडम भावाला म्हणाल्या. "माईक खाली धर. तोंडाशी न्हाई, इथं, भोकापाशी. अजून खाली."

जयंती कमिटीचे अध्यक्ष सगळ्या गावादेखत गुडघ्यावर बसले आणि बहिणीच्या मांडीवरच्या त्या वेड्यावाकड्या वाद्यापाशी माईक धरून राहिले. मॅडमनी गायलं नाही. नुसतं वाजवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, सगळी कडवी. तो हलला नाही.

 परत येताना रिक्षात भाभींना राहवलं नाही. "मॅडम, भाईसाब को कितने?"

"कशाचे? सही मागितली त्याचं शून्य."

"और माईक?"

 मॅडमचा अंगठा युकुलेलीच्या त्या चिरेवरून फिरत होता.

"सात," त्या म्हणाल्या. "आठ देणार होते. झाड तोडलं, त्याचा एक कापला."